सातव्या मोरीच्या खाचा

“दरसाल पयला नारळ ह्यांच्याच घरचा. आमचे नारळ काय नासके निघत्यात का?”

गिरणीचा पट्टा सुरू असला की आपलं बोलणं आपल्यापुरतंच राहतं असं बायकांना वाटतं. रेश्मालाही तसंच वाटलं. ती शेजारणीच्या कानाला लागून पुढं म्हणाली, “आमी ताटं धरून मागं उन्हात उभं, आन् ही मिरवत पुढं. देवी काय एकट्या ह्यांचीच हाय व्हय?”

हरणाबाई तिच्या पायापाशीच वाकलेली होती, गव्हाच्या पिशवीचं तोंड सोडत. ती सावकाश उभी राहिली. आधी कंबर, मग पाठ, मग मान, बावन्नाव्या वर्षी बाई जशी उभी राहते तशी.

“एकट्या आमचीच हाय, बाई,” ती म्हणाली. “तुझ्या घरातली कुणी पुलात गेली आसती, तर नारळ तुला दिला आसता. बघ, पायजेल का?”

रेश्मा नको म्हणाली. गिरणीवाला हसू लपवायला पिठाच्या डब्यात वाकला आणि पांढरा होऊन वर आला.

गंमत तेवढ्यावर संपायला हवी होती. पण दळण डोक्यावर घेऊन घरी येताना हरणाबाईला आपलंच वाक्य खुपायला लागलं. पुलात गेली. गेली म्हणजे कशी गेली?

कवठोलीच्या ओढ्यावर अकरा दगडी कमानींचा रेल्वेपूल आहे. कमानीला गाव मोरी म्हणतं, म्हणून पुलाचं नाव अकरामोरी. जुन्या लहान रुळांवरची गाडी त्याच्यावरून धावायची. पुढं मोठे रूळ आले, गाडी गावापासून कोसभर लांब सरकली, लोखंड होतं तेवढं उचलून नेलं आणि दगड तसाच राहिला. गेली पन्नासएक वर्षं अकरामोरीवरून आगगाडी सोडून सगळं जातं. मेंढरं जातात, ऊसतोडीच्या गाड्या जातात, सायकल शिकणाऱ्या पोरी जातात. उन्हाळ्यात कठड्यावर मिरच्या वाळत घालायला जागा धरावी लागते, आणि त्यावरून दरवर्षी एक तरी भांडण होतं.

पुलाचा इतिहास गावाला तोंडपाठ. एकशे चाळीस वर्षांपूर्वी काम सुरू असताना सातव्या मोरीच्या पायाच्या खड्ड्यात पाणी थांबेना. तेव्हा कामावरची एक धनगरीण आपणहून खड्ड्यात उतरली, वरून दगड रचू दिला, पाणी थांबलं, आणि त्यानंतर पुलाचा एक दगड कधी हलला नाही. ती झाली मोरीआई. काठावर तिचं रांगतं पोर राहिलं होतं, त्या पोराचा वंश म्हणजे हरणाबाईच्या नवऱ्याचं, बिरदेवचं घर. म्हणून पौषातल्या अवसेला सातव्या मोरीखाली पहिला नारळ आणि पहिली ओटी त्या घरच्या सुनेची. घरच्या पुरुषाला फेटा. तो फेटा बांधायचा ठेकेदारांच्या घरातल्या माणसानं, कारण पुलाचा ठेका त्यांच्या मानसिंगरावांचा होता. पुढं त्या घराण्यानं ऊस केला, पलटणीत नोकऱ्या केल्या, आता तर बिल्डिंगा बांधतात, तरी गावात त्यांना ठेकेदारच म्हणतात. सध्याचे ठेकेदार धैर्यशीलदादा. वय पस्तीस, आणि कवठोलीचे नगराध्यक्ष.

अवसेला बिरदेवच्या घरी पुरणपोळी. सगळ्या गावाला सणांची जेवढी हौस, तेवढी ह्या घराला ह्या एका अवसेची.

हरणाबाईनं वीस वर्षं नारळ फोडला, पोळ्या लाटल्या. मग दहा वर्षांपूर्वी शेजारच्या गावात एका घरमालकाला वास्तुशांतीची घाई झाली, आणि त्यानं स्लॅबखालचे टेकू नवव्या दिवशी काढायला लावले. खाली बिरदेव होता. गुडघा गेला. लोक बघायला आले, म्हणाले, वेळ आली हुती, मोरीआईनं वाचवलं. हरणाबाईनं सगळ्यांना चहा पाजला आणि मनात म्हटलं, वेळ आली नव्हती, घाई आली होती.

बिरदेवचा धंदा सेंट्रिंगचा. स्लॅब टाकताना खाली ज्या लोखंडी प्लेटा आणि टेकू लावतात, ते भाड्यानं द्यायचा. तो खाटेला खिळला, तसा धंदा हरणाबाईनं धरला. शाळा चौथीपर्यंत. पण केवढ्या स्लॅबला किती टेकू आणि कोणत्या सिमेंटला किती दिवस, हे ती गवंड्यांच्या मागं उभी राहून शिकली, आणि मिळेल तो कागद वाचत गेली, वडापाव बांधून आलेलासुद्धा. तिचा एकच कायदा होता. एकवीस दिवस. त्याच्या आत कुणी प्लेट हलवली, तर ती साइटवर जाऊन अशी काही बोलायची की पलूसपासून तासगावपर्यंतचे गवंडी तिला ‘एकवीसबाई’ म्हणायला लागले.

डोळ्याला सवय लागली की डोळा कुठंही तेच बघतो. एका अवसेला ओटी भरता भरता तिनं सहज वर पाहिलं. प्रत्येक मोरीत, जिथून कमान वळायला लागते तिथं दगडात चौकोनी खाचा होत्या. तिला बघताक्षणी कळलं. कमान बांधताना खाली लाकडी सांगाडा उभा करतात, त्याच्या तुळया टेकवायच्या त्या खाचा. जुन्या काळची सेंट्रिंगच ती. इकडून मोजल्या, तिकडून मोजल्या, सगळ्या मोऱ्यांत खाचांची एकच रांग. सातव्या मोरीत दोन. एक रांग खाली, आणि हातभर वर दुसरी.

म्हणजे सातव्या मोरीला सांगाडा दोनदा लागला होता. म्हणजे कमान दोनदा बांधली होती. जिचा एक दगड कधी हलला नाही म्हणतात, ती अख्खी कमान एकदा खाली आली होती.

ते तिनं त्या रात्री बिरदेवला सांगितलं होतं. त्यानं पोळीचा तुकडा दुधात बुडवला आणि बराच वेळ बुडवूनच ठेवला. मग म्हणाला, “खाचा काय, पाखरांनीबी केल्या आसतील.”

“चौकोनी?”

“गप जेव.”

ती गप जेवली. पुढं नऊ वर्षं गप जेवली. नारळ फोडत राहिली, वर बघायचं टाळत राहिली. गावाच्या मानाविरुद्ध बोलायला तोंड असून चालत नाही, कारण लागतं.

कारण या वर्षी साताऱ्याहून आलं.

नगरपंचायतीनं पूल सुशोभित करायला काढला होता. दिवे, फोटो काढायला बाक, आणि सातव्या मोरीजवळ काळ्या दगडावर कोरलेला इतिहास. दगड कोरायला साताऱ्यात दिला, आणि हरणाबाईची लेक अपेक्षा नेमकी त्याच दुकानात कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायच्या कामाला. अवसेच्या आधी तीन दिवस तिनं आईला फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘आई, आपल्या घरचं आहे यात. वाच.’

हरणाबाईनं चष्मा लावून वाचलं. पूल बांधून घेणाऱ्या गोऱ्या साहेबाचं नाव होतं. ठेकेदार मानसिंगराव यांचं नाव होतं, मोठ्या अक्षरात. दगड कुठल्या खाणीतला तेही होतं. आणि शेवटी, ‘या पुलासाठी एका अनामिक स्त्रीने स्वेच्छेने बलिदान दिले.’

तिनं लगेच फोन लावला. “स्वेच्छेनं म्हणजे गं?”

“म्हणजे... आपल्या मर्जीनं.”

“हौसेनं?”

“आई, मी फक्त टाईप केलंय.”

“दगडाच्या खाणीचं नाव हाय. बाईचं न्हाई.”

“आपल्याला तरी कुठं माहीत आहे?” अपेक्षा म्हणाली. हे खरं होतं, आणि तेच हरणाबाईला जास्त लागलं. “आई, शब्द बदलायचा तर त्यांचं पत्र लागेल. मी काढला तर नोकरी जाईल माझी.”

“तू काय काढू नगंस. तू तुझी नोकरी कर. माझं मी बघते.”

बिरदेव दारात प्लेटांना तेल लावत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. “हरणे,” तो म्हणाला, “मान हाय गं तो. धा वर्सं लंगडतोय. मला गावात कोण इचारतंय? त्या एक दिवशी फेटा बांधत्यात, पुढच्या खुर्चीत बसवत्यात.”

हरणाबाईला वाईट वाटलं. नवरा भित्रा असला तर भांडता येतं, खरं बोलला की काय करायचं? ती त्याच्याजवळ बसली, त्याच्या हातातलं फडकं घेतलं.

“आवं, तुमचा गुडगा गेला तवा लोक काय म्हणाले? वेळ आली हुती. मालकाचं नाव कुणी घेतलं?”

“न्हाई.”

“तुमाला कसं वाटलं?”

बिरदेवनं लंगडा पाय हातानं उचलून सरळ ठेवला. फडकं मात्र परत मागितलं नाही.

अवसेच्या दिवशी सकाळी दहाला ती ठेकेदारांच्या बंगल्यावर गेली. कार्यक्रम चारला होता. हॉलमध्ये फेट्यांचं कापड, हार, शाली असा ढीग पडलेला. कोपऱ्यातल्या खुर्चीत दादांच्या आजी, लीलाबाई, शहाऐंशी वर्षांच्या, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

“या या, हरणाकाकू,” धैर्यशील म्हणाला. माणूस तसा गोड. मतं मागायला आल्यावर गोड आणि नसतानाही गोड, हे त्याचं वैशिष्ट्य. “तुमीच आजच्या उत्सवमूर्ती.”

“दादा, दगडावरचा एक शबुद बदला.”

“कुठला?”

“स्वेच्छेनं. रांगतं पोर काठावर ठिवून कुठली बाई आपल्या मर्जीनं खड्ड्यात उतरंल? कमान पडली आन् खाली बाई मेली, एवढंच लिवा. नाव माईत न्हाई तर न्हाई.”

“कमान पडली?” तो हसला. “कुणी सांगितलं?”

तिनं खाचांचं सांगितलं. खालची रांग, वरची रांग. धैर्यशील बिल्डर माणूस, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याची नजर शालींच्या ढिगाकडं गेली आणि तिथंच राहिली.

“काकू, सन्मानच केलाय की आपण. बलिदान म्हटलंय. आता दगड आलाय, बसवलाय, वरनं कापड टाकलंय. साहेबलोक येणार आहेत.” मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, “आणि तुमच्या प्लेटा आपल्या चार साइटींवर हायत. आपलं नातं काय आजचं हाय का?”

हरणाबाई उठली. “न्हेते की काढून. पलूसचा स्लॅब परवाच टाकलाय तुमी. एकवीस दिवस झालं की प्लेटा न्हेते. त्याच्या आदी हात लावणार न्हाई. मी काय ठेकेदार न्हाई.”

हे बोलून ती स्वतःच दचकली; कमान का पडली असेल, ते तिच्या तोंडून निघून गेलं होतं. कोपऱ्यात लीलाबाईंचे हात मांडीवरून उचलले गेले आणि पुन्हा जागेवर बसले.

ती जोड्यात पाय घालत होती तेवढ्यात आतून धैर्यशीलची बायको क्रांती धावत आली. साताऱ्याची मुलगी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काय बोलायचं नसतं ते अजून शिकायची होती. “काकू, रागावू नका हं. तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि साधा चहासुद्धा... आज गॅस पेटवत नाहीत ना आमच्यात.”

“उपास धरता मोरीआईचा?”

“उपास नाही. मी पण उपासच समजून साबुदाणा भिजवला होता. आजी म्हणाल्या, उपास नव्हे गं, सुतक असतं आज. नारळ फुटेपर्यंत चूल पेटवायची नाही. घरातल्या सुनांनाच फक्त सांगतात म्हणे.”

“क्रांती!” आतून धैर्यशीलचा आवाज आला.

हरणाबाई रस्त्याला लागली. ऊन चढलं होतं. पुलावरून एक ट्रॅक्टर द्राक्षांच्या रिकाम्या क्रेट खडखडवत गेला. तिला काहीच ऐकू आलं नाही. देवीचा उपास धरतात, नैवेद्य करतात. सुतक माणसाचं धरतात. आणि सगळ्या गावात ते कोण धरत होतं? ज्यांचा ठेका होता ते. आणि ज्यांची बाई गेली ते? ते पुरण वाटत होते.

घरी बिरदेवनं हौसेनं डाळ शिजत घातली होती. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत तिनं गॅस बंद केला.

“काय झालं?”

“आज पुरण न्हाई. चूल न्हाई.”

“का?”

तिनं सांगितलं. बिरदेव ऐकत गेला, आणि त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. ऐकून झाल्यावर त्यानं कुकर उचलला आणि परसात नेऊन ठेवला. “मग?” तो म्हणाला. “फेटा बांधून घ्यू का नगं?”

“तुमचं तुमी ठरवा.”

“न्हाई, म्हंजे... बोडकाच येतो मी.”

चार वाजता सातव्या मोरीखाली अख्खं गाव जमलं होतं. मांडव, खुर्च्या, कर्णा. साहेबलोक पावणेपाचला आले, म्हणजे वेळेवरच. बायका ताटं धरून मागं उन्हात उभ्या होत्या, रेश्मा सगळ्यांच्या पुढं. धैर्यशील फेटा घेऊन बिरदेवजवळ आला, तेव्हा बिरदेवनं डोकं मागं घेतलं. “ऱ्हाऊ द्या दादा,” तो हळू म्हणाला. “आज ऊन लय हाय.” फेट्याचं कापड धैर्यशीलच्या हातात तसंच लोंबत राहिलं. ह्या घराण्यानं दिलेला फेटा कुणी नाकारलेला गावानं पहिल्यांदाच पाहिला.

मग कर्ण्यावरून नाव पुकारलं गेलं. हरणाबाईनं नारळ घेतला, मोरीखालच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी गेली, आणि नारळ फोडायच्या ऐवजी खाली ठेवला. अगदी हळू, लेकरू ठेवावं तसा. मग ती वळली. निवेदन करणाऱ्या गुरुजींच्या हातातला माईक तिनं मागितला नाही, घेतला.

“मी नारळ फोडणार न्हाई,” ती म्हणाली. कर्णा कुईं करून ओरडला. “मानाला भुकेली न्हाई मी. ज्याला पायजे त्यानं फोडावा. रेश्मा, तू फोड. पर आदी माझं ऐका. वर बघा.”

सगळ्यांनी वर बघितलं. साहेबांनीसुद्धा.

“त्या खाचा दिसत्यात? दोन रांगा. बाकीच्या मोऱ्यांत जाऊन बघा, एकच हाय. ही कमान पडली हुती. पुन्हा बांधली. आपल्यात स्लॅब पडतो तवा बी आपुन म्हणतो, वेळ आली हुती. ह्या बाईला तर आपुन देवीच केलं. देवी केली की कुणी मारली ते इचारायला नगं.”

“काकू, नंतर बोलू आपण,” धैर्यशील पुढं आला. हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते त्याचं नव्हतं, कुणाचं तरी मागून आणल्यासारखं होतं. “पाहुणे खोळंबलेत.”

“ती एकशे चाळीस वर्सं खोळंबलीया, दादा.” तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला. “माझ्या घरात दरसाल आज पुरणपोळी आसती. आज पेटलेली चूल मी इझवली. तिचं सुतक मी आजपास्नं धरलं. लय उशीर झाला, माफी मागते तिची. पर गावात आज आणि एका घरात चूल पेटली न्हाई. तितं माझ्या लय आदीपास्नं पेटत न्हाई. ते घर कुटलं, का पेटत न्हाई, मी सांगणार न्हाई. ज्येचं त्येनं सांगावं.”

क्रांतीनं पदराचं टोक तोंडात घातलं. पुढच्या रांगेत ठेकेदारांची आठ-दहा माणसं आपापल्या चपला निरखत होती. मागच्या बायकांत एक ताट कलंडलं आणि हळदीकुंकू मातीत सांडलं, तरी कुणी वाकलं नाही. धैर्यशीलनं माईकसाठी हात पुढं केला. हरणाबाईनं दिला नाही.

तेव्हा पहिल्या रांगेतली शेवटची खुर्ची सरकली.

लीलाबाई उठत होत्या. धैर्यशील “आजी, बस, बस,” म्हणत धावला, त्यांनी त्याचा हात बाजूला केला, नुसत्या बोटांनी. शेंदराच्या दगडापर्यंत दहा पावलं होती, ती त्या पुष्कळ वेळ घेऊन चालल्या. गाव थांबलं. दगडापाशी येऊन त्या हरणाबाईच्या शेजारी उभ्या राहिल्या. हरणाबाईनं माईक पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांना कर्ण्याची गरज नव्हती, एवढी शांतता होती.

“राही,” त्या म्हणाल्या. “राही नाव हुतं तिचं. माझ्या आजेसासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. आमच्या घरात सुनंला मंगळसुत्रासंगट हे नाव मिळतं, आन् ते गिळायचं आसतं.”

“आजी!” धैर्यशील म्हणाला.

“गप रं. गोरा साहेब तपासाला येणार हुता, म्हणून चुना वला आसतानाच मानसिंगरावांनी खालचा सांगाडा काढाय लावला. दगड कुरकुरत हुता. राही म्हणाली, मालक, आत धाडू नगासा, माझं पोर तान्हं हाय. राडा काढाय तिच्या डोईवर पाटी दिली आन् आत लोटली. कमान तिच्यावर आली.” त्यांनी खाली ठेवलेल्या नारळाकडं पाहिलं, मग कापड टाकलेल्या दगडाकडं, आणि मग समोरच्या सगळ्या गावाकडं.

“बळी न्हवती ती. आमी मारली तिला.”